घरातील छोट्या शिवणखोलीची मांडणी कशी करावी?

सुईदोरा_सिडको
नमस्कार. नाशिकमध्ये सिडकोतील आमच्या घराची मागची खोली आता केवळ शिवणकामासाठी मोकळी झाली आहे. ती दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद असून तिला पश्चिमेकडे एकच खिडकी आहे. मी प्रामुख्याने अस्तराचे ब्लाउज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करून देते. मोटर बसवलेले शिलाई मशीन, पिकोचे मशीन आणि एक लोखंडी कपाट एवढेच सामान आहे. कापड जमिनीवर बसून बेतावे लागत असल्यामुळे कंबर भरून येते आणि लग्नसराईत एकीचे अस्तर दुसरीच्या कापडात मिसळेल की काय, अशी धास्ती असते. आणखी एक कपाट घ्यावे, की आहे त्यातच मांडणी बदलावी?

कात्री_आणि_खडू
ताई, कपाटाचा खर्च तूर्त करू नका. कापड दारातून आत येते, बेतले जाते, शिवले जाते आणि इस्त्री होऊन त्याच दारातून बाहेर पडते; तोच क्रम खोलीत उतरवला, तर निम्मी ऊठबस वाचते. बेतण्याचे टेबल दाराजवळ आणि मशीन खिडकीजवळ ठेवा. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे कापड दुमडल्यावर बावीस इंच होते, म्हणून ब्लाउजसाठी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी पुरेशी ठरते. उंची मात्र बाजारातल्या टेबलाची पाहू नका, स्वतःची पाहा: उभे राहिल्यावर फळी कोपराच्या थोडी खाली यावी, म्हणजे कात्री चालवताना वाकावे लागत नाही. जागा वाचवायची असेल, तर हीच फळी भिंतीला बिजागऱ्यांनी दुमडती बसवता येईल.

मशीन ठेवताना खिडकी डाव्या हाताला येईल असे पाहा. सुई मशीनच्या डाव्या टोकाला असते आणि उजवीकडे त्याचा खांब असतो. त्यामुळे उजवीकडून उजेड आला, की खांबाची सावली नेमकी टाक्यावर पडते आणि काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा होतो. खिडकी पश्चिमेची असल्याने दुपारनंतरचे ऊन थेट आत येणार. त्या उन्हात गिऱ्हाइकांचे कापड ठेवू नका, कारण गडद रंगाच्या कापडाची घडीवरची रेघ तेवढीच विटते आणि तो दोष शेवटी आपल्या माथी येतो.

येवल्याची_लेक
वरील बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. दुमडते टेबल मात्र मला पटत नाही. त्यावर सतत काहीतरी पसरलेले असते, त्यामुळे ते कधीच दुमडले जात नाही आणि शिवाय कात्रीच्या जोराने हलते. पक्के टेबल करून त्याखाली दोन कप्पे काढावेत, हे बरे.

अदलाबदल टाळण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतंत्र कापडी पिशवी करा. त्यात कापड, अस्तर, मापाचा ब्लाउज आणि तारखेची चिठ्ठी एकत्र राहू द्या आणि चिठ्ठीवरचाच क्रमांक मापवहीत लिहा. एका वेळी टेबलावर एकच पिशवी उघडायची, हा नियम मात्र कडक पाळावा लागतो.

पैठणीचे काम येत असेल, तर लोखंडी कपाटाबाबत सावध राहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्र्याला गंज धरतो आणि त्याचा डाग रेशमावरून निघत नाही. कप्प्यांत सुती कापड अंथरा, पैठणी मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

सुईदोरा_सिडको
दोघींचेही आभार. पक्के टेबलच करून घेईन आणि कपाट दाराच्या आतल्या भिंतीला सरकवीन. इस्त्रीची जागा तेवढी ठरत नाही. खोलीत प्लग एकच असून सध्या त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला आहे.

कात्री_आणि_खडू
त्या बोर्डावर मोटर चालेल, परंतु इस्त्री नको. मोटरच्या मानाने इस्त्री कितीतरी जास्त वीज ओढते आणि हलक्या बोर्डाची वायर तापते. वायरमनकडून टेबलाजवळ इस्त्रीसाठी स्वतंत्र प्लग काढून घ्या. टेबलाच्या एका टोकाला जुन्या चादरीची जाड घडी अंथरली, की तिथेच शिवणी दाबता येतात. जरीवर मात्र उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घालूनच इस्त्री फिरवा.