प्रार्थना ऐकली जात नाहीये, तरी देवाची स्तुती करायची कशी?

मोहरीचा दाणा: बाबांना स्ट्रोक आला तेव्हापासून आम्ही घरचे सगळे रोज गुडघ्यावर आहोत, उपास केले, चर्चच्या मंडळीनेही खूप प्रार्थना केली, पण त्यांची वाचा काही परत आली नाही. रविवारी उपासनेत सगळे हात वर करून गातात आणि माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही, बाबा शेजारी बसून नुसते ओठ हलवत असतात. मनात राग असताना "प्रभू चांगला आहे" म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नाही का? त्यात एक जण म्हणाले विश्वास कमी पडतोय. फार लागलं ते मनाला.

जागता पहारेकरी: ताई, आधी बायबलमधलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाचा, तीनच अध्याय आहेत. सुरुवातच अशी की मी किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस. आणि देव जे उत्तर देतो ते ऐकून तो अजूनच हादरतो, कारण उत्तर काय तर खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, चालून येणार. तोच माणूस तिसऱ्या अध्यायात म्हणतो की अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. काय काय नाही हे तो एकेक नाव घेऊन सांगतो, झाकत काहीच नाही. मला वाटतं स्तुती म्हणजे झालं ते चांगलं झालं असं म्हणणं नव्हेच. जे दुखतंय ते त्यालाच सांगायचं आणि तरी त्याला सोडायचं नाही.

ओलावा: आणि गाता येत नसेल तर नका गाऊ! स्तोत्र 88 बघा, बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात पण हे अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहेच ना. मी अशा काळात फक्त स्तोत्र 13 मोठ्याने वाचायचे, सहाच वचनं, पहिल्या दोनात चार वेळा "किती वेळ" आहे. कधी शेवटच्या वचनापर्यंत पोचायचे, कधी तिथेच रडत बसायचे. तेही देवासमोरच ना.

जागता पहारेकरी: ते "विश्वास कमी" वाल्यांचं मनावर घेऊ नका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, देवाने काढावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिलाच, "माझी कृपा तुला पुरे" एवढंच मिळालं, त्याचा विश्वास कमी होता का? गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. दावीद राजाचं बाळ आजारी होतं तेव्हा तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून होता, बाळ गेलं, मग उठून त्याने आंघोळ केली, कपडे बदलले आणि आधी परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन केलं. मागितलेलं मिळालं नव्हतंच की.

मोहरीचा दाणा: स्तोत्र 88 आत्ताच वाचलं, असं देवाशी बोलता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण बाबांचं काय करू, त्यांना तर बोलताच येत नाही.

ओलावा: त्यांचे ओठ हलतात म्हणालात ना, मग ते गातायत हो. रविवारी तुम्ही गप्प राहिलात तरी त्यांच्या शेजारीच बसा. घरी स्तोत्र वाचाल तेव्हा त्यांचा हात धरून हळू वाचा, त्यांना सोबत ओठ हलवायला वेळ मिळेल असं. आमच्या प्रार्थनेत तुम्ही दोघंही आहात.