फ्लोचा आकडा एकटा काही सांगत नाही
भट्टीत कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) वाढवताना इथिलीन वायूचा फ्लो, म्हणजे प्रवाह, वाढवला की नळ्या लांब वाढतात, असं या चर्चेत वर म्हटलंय. एका मर्यादेपर्यंत खरं आहे, पण मीटरवरच्या आकड्यापेक्षा वायू गरम भागात किती सेकंद थांबतो ते बघा. आम्ही भट्टीतली २५ मिमी व्यासाची क्वार्ट्‌झ ट्यूब बदलून ५० मिमीची बसवली आणि फ्लो मात्र तोच ठेवला, मिनिटाला ५०० घनसेंटिमीटर. वेग चौथाईवर आला. आधी ३० सेंटिमीटरच्या गरम पट्ट्यात वायू जेमतेम ५ सेकंद असायचा, आता २० सेकंद. (७५० अंशांना वायू फुगून साडेतीनपट होतो, हे हिशेबात धरायला आम्ही आधी विसरलोच होतो.) परिणाम? ट्यूबच्या मागच्या टोकाला तपकिरी चिकट डांबर आणि वेफरवर (नळ्या जिच्यावर वाढवतो त्या चकतीवर) नळ्यांऐवजी काजळी. ज्यांच्यापासून नळ्या वाढतात ते लोखंडाचे कण कार्बनच्या थराखाली गुदमरले होते. उलट फ्लो फार वाढवला की वायू पुरता तापायच्या आतच पुढे निघून जातो.

आणि कणांवरचा हा कार्बनचा थर हटवणाऱ्या पाण्याच्या वाफेचा उल्लेख इथे कोणीच केला नाही! २००४ मध्ये जपानमध्ये संशोधक केंजी हाता यांच्या गटाने किंचितशी वाफ सोडून १० मिनिटांत २.५ मिमी उंच नळ्या वाढवल्या होत्या.