उच्चदाब लाईन शिवारातून जाणारच असेल, तर वाट गावासमोर ठरवा

शिवारकर (खानापूर तालुका, बेळगाव)

सुगी संपल्यापासून आमच्या शिवारात लाल रंग फासलेले खुंट दिसायला लागलेत. ४०० केव्हीच्या (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, विजेच्या दाबाचं माप) नव्या लाईनचा सर्व्हे चाललाय, एवढंच कळतं. कुणाच्या सर्व्हे नंबरातून जाणार, टॉवर किती, हे पंचायतीत विचारलं तरी धड उत्तर नाही. नोटीस आली ती फक्त कन्नडमध्ये. ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्यालाच ती वाचता येत नसेल, तर हरकत कोण घेणार आणि कधी घेणार?

लाईनच नको असं मी म्हणत नाही. संध्याकाळी दिवे मिणमिणतात, पंपसेटच्या मोटारी जळतात, हे आपण सगळेच भोगतोय. माझं म्हणणं एवढंच, की खुंट मारण्याआधी नकाशावर दोन-तीन वाटा मांडा आणि त्या ग्रामसभेत मराठीतून समजावून सांगा. माळ कुठला, गायरान कुठलं, विहीर कुठे, कुणाची सगळी मिळून एक एकर आहे, हे गावाला माहीत असतं. उपग्रहाच्या फोटोत ते दिसत नाही.

ही मागणी आत्ताच का करायची, तर कायदा आपल्या बाजूने फारसा नाही म्हणून. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकार लाईन टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की टॉवरसाठी शेतकऱ्याची संमती लागत नाही. अडवलं तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन काम करता येतं. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायालयात जायचं. जमीन आपल्याच नावावर राहते, पण तारांखाली घर बांधायचं नाही, उंच झाड लावायचं नाही. म्हणजे आपला जोर चालतो तो वाट पक्की होईपर्यंतच.

वाट बदलत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यातल्या शेल्ड्याला जाणाऱ्या ४०० केव्ही लाईनचं उदाहरण जवळचंच आहे. मोलेच्या अभयारण्यात ती नवीन पट्टा पाडणार होती. लोक उभे राहिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये सांगितलं की नवीन जंगल तोडू नका, आधीच्या २२० केव्ही लाईनच्या पट्ट्यातूनच न्या. २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. जंगलासाठी हे होऊ शकतं, तर भाताच्या मळ्यांसाठी किमान विचार तरी व्हावा.

बांधावरचा (येळ्ळूर भाग)

शिवारकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही पहिल्याच वाक्यात अर्धी लढाई सोडून देताय. "जाणारच असेल तर" म्हटलं की समोरचा फक्त दराचं बोलतो. आम्ही बेळगावजवळच्या हालगा-मच्छे बायपास रस्त्याच्या वेळी हे सगळं बघितलंय. पिकाऊ जमीन, उभं भात, त्यात मशीन घातली. वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर भांडले म्हणून तर शेतकऱ्यांचं म्हणणं निदान कागदावर आलं. आमच्याकडचा बासमती ज्या मातीत येतो ती माती दुसरीकडे नेऊन टाकता येत नाही.

आणि ही वीज जाणार कुठे? ४०० केव्हीची तार आमच्या गावच्या टीसीला (ट्रान्सफॉर्मरला) जोडलेली नसते. वरून जाते, खाली अंधार. आधीच्या लाईनच्या वेळी काय मिळालं ते विचारा कुणालाही.

निवृत्त अभियंता (हिंदवाडी)

मी वीज खात्यात सबस्टेशनवर नोकरी केली. "वरून जाते, खाली अंधार" हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, पण खरं नाही. ४०० वरून २२०, मग ११०, मग ३३ आणि ११ केव्ही, असं उतरत उतरत ते तुमच्या टीसीपर्यंत येतं. वरची नळी बारीक असेल तर खाली धार कुठून येणार? तीच वीज जास्त दाबाने नेली की प्रवाह कमी लागतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दाब दुप्पट केला तर गळती चौथ्या हिश्शावर येते. म्हणून मोठ्या लाईनी.

आता शेतीला दिवसा थ्री फेज द्या अशी आपलीच मागणी आहे. दिवसाची स्वस्त वीज सौरऊर्जेची. ती तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडसारख्या ठिकाणी तयार होते, २,०५० मेगावॅटचं केंद्र आहे ते. वारा गदग आणि सौंदत्तीकडे. पंप मात्र चिकोडी, रायबाग, हुक्केरीत. मधलं अंतर तारेनेच जोडावं लागेल.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली, तेव्हा दक्षिणेचं जाळं बाकी देशाशी एका लयीत जोडलं गेलं. त्याआधी देशात इतरत्र वीज असूनही इकडे हवी तेवढी आणता येत नव्हती. नरेंद्रहून कोल्हापूरकडे मोठी लाईन आहेच. वीज सीमा विचारत नाही.

वाटेबद्दल: सरळ ओळीत हलके टॉवर चालतात, दोन टॉवरमध्ये साधारण ४०० मीटर. वळण आलं की ताण घेणारा भारी टॉवर लागतो, लोखंड आणि पाया दोन्ही वाढतात. प्रत्येक बांधाला वळण दिलं तर टॉवरच वाढतील, म्हणजे शेतकऱ्यांचंच जास्त नुकसान. म्हणून ग्रामसभेत वाट ठरवणं मला व्यवहार्य वाटत नाही. ज्याची माणसं जास्त, त्याचं शेत वाचेल.

शिवारकर

साहेब, शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळणार नाही. ग्रामसभेत बहुमताने वाट ठरवा असं मी म्हणत नाही. खात्याने पर्याय मांडावेत, प्रत्येक वाटेवर किती झाडं, किती विहिरी, किती छोटे खातेदार, खर्च किती, हे सगळ्यांसमोर सांगावं. हरकती लेखी घ्याव्यात आणि नाकारली तर कारण लेखी द्यावं. अंतिम निर्णय खात्याचाच. पण आज निर्णयाचं कारणच कुणाला कळत नाही, त्यामुळे "अमक्याच्या शेताला वळसा दिला" ही कुजबुज सुरू होते आणि भाऊबंदकीत तेल पडतं.

भारी टॉवरचा खर्च वाढतो हे मान्य. पण वाट वाकडी केल्याने एखाद्याची काजूबाग वाचत असेल, तर तो खर्च प्रकल्पाने सोसायचा की त्या एका घराने?

काजूवाला (कणकुंबी रस्ता)

काजूचं कुणीतरी बोललं, बरं झालं. भात-ऊसवाल्यांना लाईनखाली पीक घेता येतं. आमी काय करायचं? झाडं तोडतात आणि परत लावू देत नाहीत. कलम लावल्यापासून चांगलं उत्पन्न यायला किती वर्षं जातात ते लावणाऱ्यालाच ठाऊक. एका वर्षाच्या पिकाची किंमत धरून झाडाची किंमत लावली तर तो अन्याय आहे.

आणि "जंगल वाचवा" म्हणणाऱ्यांनाही सांगतो, भीमगडच्या जंगलातून नको म्हटलं की लाईन जंगलाच्या कडेला येते. कडेला आमचीच रानं आहेत. जंगलाला कायदा आहे, वाघाला कायदा आहे, कडेच्या काजूला कोण आहे?

बांधावरचा

मग जमिनीखालून केबल टाका ना. शहरात टाकतातच की. केरळात त्रिशूरकडे येणाऱ्या मोठ्या लाईनचा शेवटचा भाग केबलनेच नेलाय. तिथल्या लोकांची जमीन जमीन, आणि आमची?

निवृत्त अभियंता

ती एकदिश प्रवाहाची (डीसी), ±३२० केव्हीची लाईन आहे. दोन्ही टोकांना प्रवाह बदलणारी मोठी केंद्रं लागतात. आपली साधी प्रत्यावर्ती (एसी) लाईन लांबवर जमिनीखालून नेली तर केबल चार्ज ठेवण्यातच तिची बरीचशी क्षमता जाते. खर्च कित्येक पट. शिवाय चराच्या वरही झाड लावता येत नाही, खोल नांगर घालता येत नाही. गावठाणाजवळचा छोटा तुकडा मागितलात तर समजू शकतो.

सीमेवरची मुलगी (सध्या पुण्यात)

भरपाईचं नीट सांगते, कारण सभेत आकडे चुकीचे फिरतात. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ च्या सुधारणेत पायासाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के झाले. पीक आणि झाडांचे पैसे वेगळे. पण ही तत्त्वं आहेत, राज्याने लागू करायची असतात. म्हणून पहिला प्रश्न लेखी विचारा, की या लाईनला कुठला दर लावणार?

लोक टॉवरच्या पैशांवर भांडतात, पण खरी जमीन पट्ट्यात जाते. ४०० केव्हीचा पट्टा साधारण ४६ मीटर रुंद धरतात. तुमच्या शेतातून तार १०० मीटर गेली की सुमारे ४५ गुंठे, म्हणजे एकरभराहून जास्त पट्ट्यात आलं. टॉवरखाली दोन-अडीच गुंठेच. आणि किंमत धरतात ती बहुधा सरकारी दराने. आपल्याकडे सरकारी दर आणि बाजारभाव यात केवढी तफावत आहे ते सांगायला नको.

माझी स्वतःची मागणी याच्याही पुढची आहे. एकदाच हातावर टेकवण्यापेक्षा पट्ट्याचं वर्षाचं भाडं द्या. लाईन पन्नास वर्षं कमावणार आणि शेतकऱ्याचे पैसे एका लग्नात संपणार, हे बरोबर नाही.

बांधावरचा

भाडं दिलं तरी माती परत येत नाही. मी सही करणार नाही, आणि शेजाऱ्यांनाही तेच सांगणार. पर्यायी वाटांचे नकाशे मात्र मागा, त्या अर्जावर माझं नाव घाला. विरोध करायलाही नकाशा लागतो.

घटप्रभाकाठ

आमच्या रानावरून मोठी लाईन गेलेली आहे, म्हणून लिहिते. पावसात तारांचा सर्रर्र आवाज येत राहतो. छत्री धरून खालून गेलं की दांड्याला झिणझिण्या येतात. सुरुवातीला बायका त्या वावरात जायला घाबरायच्या. काटेरी तारेच्या कुंपणात करंट उतरायचा, ते जमिनीला अर्थिंग केल्यावर थांबलं. ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हैस बिथरली तेव्हा कळलं. उसाचं पाचट लाईनखाली पेटवायचं नाही हेही आधी सांगा. धूर आणि आगीने तारेतून ठिणगी उडते, लाईन बंद पडते, आणि माणूस जवळ असेल तर जिवावर बेततं.

शिवारकर, अर्जात हे दोन मुद्दे घाला: पट्ट्यातली सगळी लोखंडी कुंपणं आणि पत्र्याचे गोठे लाईन टाकणाऱ्याने स्वखर्चाने अर्थिंग करून द्यायचे, आणि लाईन चालू करण्याची तारीख गावात मराठी आणि कन्नड दोन्हीत लावायची. अर्ज तहसीलदाराकडे देताना पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांना वेगळी प्रत द्या, नाहीतर इकडून तिकडे बोट दाखवतात.