पालक-शिक्षक संघाची कार्यकारिणी चिठ्ठ्या टाकून का निवडू नये?

रिकामा बाक (धागाकर्ता)

यंदाची सर्वसाधारण सभा चाळीस मिनिटांत आटोपली, त्यातली पस्तीस प्रास्ताविकात गेली. मग कुणीतरी "सर्वानुमते" म्हणालं, टाळ्या झाल्या, आणि गेल्या वर्षीचेच अध्यक्ष, गेल्या वर्षीच्याच सचिव पुन्हा बसले. सूचक आणि अनुमोदक यांची नावं नंतर इतिवृत्तात वाचली. सभेत मात्र त्यांच्यापैकी कुणी तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्यांची तयारी आहे त्या सगळ्या पालकांची नावं लेखी घ्या, प्रत्येक इयत्तेचा वेगळा डबा करा आणि सगळ्यांसमोर चिठ्ठी उचला. ही काही माझी कल्पना नाही. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या शिलालेखात दहाव्या शतकातल्या, पहिल्या परांतक चोळाच्या काळातल्या ग्रामसभेची रीत कोरलेली आहे. गावाचे ३० प्रभाग. नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि एका लहान मुलाने एक तुकडा उचलायचा. मागच्या तीन वर्षांत समितीवर असलेल्यांना पुन्हा संधी नाही. अकराशे वर्षांपूर्वी एका गावाला जे जमलं ते एका शाळेला जमू नये?

हिशेबनीस

शिलालेख अर्धाच वाचलात. त्या मडक्यात कुणाचंही नाव पडत नव्हतं. वय ३५ च्या वर आणि ७० च्या आत हवं, करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवं, वेदविद्येचं ज्ञान हवं. म्हणजे चिठ्ठी उचलायच्या आधीच गाव चाळून झालेलं असे. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सकरांचं तेच. ५०० जणांचं मंडळ ते चिठ्ठीने निवडत, पण दहा सेनापती मात्र मतदानानेच. जिथे चूक महागात पडते तिथे त्यांनीही नशिबावर भरवसा ठेवला नाही.

मी तीन वर्षं खजिनदार होतो. सहलीचे पैसे रोख येतात, सुट्टे येतात, कधी मुलाच्या दप्तरात चार दिवस राहून येतात. पावतीपुस्तकाची स्थळप्रत आणि बँकेतला भरणा जुळवायला रात्री बसावं लागतं. चिठ्ठीत नाव निघालेल्या माणसाला यातलं काही येत नसेल तर तुम्ही कुणाला जबाबदार धरणार, डब्याला?

तिरका कोन

माझं नाव निघालं तर मी दुसऱ्याच दिवशी आजारी पडणार, आत्ताच सांगून ठेवतो.

रिकामा बाक

@तिरका कोन, म्हणूनच "ज्यांची तयारी आहे त्यांची" असं लिहिलंय.

@हिशेबनीस, अटी होत्या हे मान्य. जमिनीची अट आज कुणी मागणार नाही, पण त्यातली एक अट मला हवीच आहे. आधी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र! अथेन्समध्येही पद सोडताना प्रत्येकाची तपासणी होत असे. तुम्ही ताळेबंद दरवर्षी सभेत मांडत होतात, हे ठाऊक आहे. तुमच्यानंतर तो कुणी पाहिलाय?

ब तुकडीची आई

दोघेही नाव निवडायचं कसं यावर भांडताय. मुळात डब्यात नाव टाकणार कोण? सभा कामाच्या दिवशी भर दुपारी. जे येऊ शकतात तेच उभे राहतात, म्हणजे मतदान घ्या की चिठ्ठ्या टाका, यादी तीच. ज्या घरात एकच मोठं माणूस आहे तिथून कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही. नाव आधी लेखी देता आलं आणि सभेला हजर नसतानाही ते धरलं गेलं, तर पुढच्या गप्पा.

मी एक वर्ष सचिव होते. माझ्या हाती काय आलं माहीत आहे? एक पिशवी. त्यात शिक्का, वाळलेलं स्टॅम्पपॅड आणि दोन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाची बिलं. इतिवृत्ताची वही "आधीच्या बाईंकडे" होती आणि आधीच्या बाईंचं मूल शाळा सोडून गेलेलं. पहिले तीन महिने मी फक्त विचारत फिरले. सगळी कार्यकारिणी एकदम बदलण्यापेक्षा मुदत दोन वर्षांची ठेवा आणि दरवर्षी निम्मेच बदला. जुने निम्मे नव्यांना वाट दाखवतील. आणि पदाचं नाव सांगण्याआधी काम सांगा: महिन्याला किती तास, कोणत्या महिन्यात जास्त, सह्या कुठे कुठे. "फार काही नसतं हो" असं म्हणून माणूस गळाला लावला की तो दिवाळीपर्यंत टिकत नाही.

खडू

शिक्षिका म्हणून दोन शब्द. आमची तर निवडणूकही नाही, चिठ्ठीही नाही. मुख्याध्यापक वर्गात डोकावतात, "मॅडम, यंदा तुम्ही." झालं.

चिठ्ठीला माझा विरोध आहे, कारण निवडून आलेल्या माणसाला जाब विचारता येतो. चिठ्ठीतून आलेला सरळ म्हणतो, मी कुठे मागितलं होतं? दोष मतदानात नाही, हात वर करून मतदान घेण्यात आहे. समोर मुख्याध्यापक, शेजारी अध्यक्ष, आपलं मूल याच शाळेत. कोण हात वर करणार? गुप्त मतपत्रिका घ्या. एकच नाव नको, जे जे चालतील त्या सगळ्यांवर खूण करू द्या. तिघांना पसंती दिली की एकाला पाडल्याचा आरोप येत नाही आणि गटबाजीही थोडी सैल होते.

(अवांतर: अध्यक्षांचं मूल आपल्या वर्गात असलं की त्याची वही तपासताना पेन जरा जड होतं. अध्यक्षांच्या मुलाच्या वर्गशिक्षकांना तरी त्या वर्षी कार्यकारिणीवर घेऊ नये.)

हिशेबनीस

खडू मॅडमशी सहमत. @रिकामा बाक, तुमचा टोमणा पोचला. माझ्यानंतर ताळेबंद मांडलेला मीही पाहिला नाही. खात्यावर दोन सह्या, त्या दोघांचं आपसात नातं नको, आणि हिशेब तपासणारा कार्यकारिणीबाहेरचा. एवढं झालं तर सदस्य चिठ्ठीने घ्या, माझी हरकत नाही. खजिनदार मात्र नाही म्हणजे नाही.

रिकामा बाक

खजिनदार सोडला. बाकी जागांसाठी ठराव लिहितो: नावं आधी लेखी, हजेरीची अट नाही, इयत्तावार डबे, दरवर्षी निम्मे. गुप्त मतदानाची उपसूचना खडू मॅडमनी मांडावी, मी अडवणार नाही. आता सभेत खरोखर उभा राहून बोलणारा अनुमोदक हवा.

हिशेबनीस

अनुमोदन मी देतो. ठराव चर्चेला तरी यायला हवा. मत विरोधात देणार.