मदत हवी आहे : कोविड सेंटरचा कचरा न्यायला गाडीच येईना

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यात एका वसतिगृहात कोविड सेंटर आहे, तिथली साफसफाई माझ्याकडं आहे. मास्क, टोप्या, स्वॅबच्या काड्या दुहेरी पिवळ्या पिशवीत. हातमोजे, फेसशील्ड लाल पिशवीत. वरून १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचं औषध. इथवर जमतं. पण दवाखान्याच्या कचऱ्याच्या (जैववैद्यकीय कचरा) २०१६ च्या नियमानं ४८ तासांच्या आत कचरा उचलला पाहिजे, अन् गाडीवाला फोनच उचलत नाही. जिन्याखाली ढीग लागलाय. काल कुत्र्यानं एक पिशवी ओढत शेजारच्या तुरीत नेली, धसकटाला मास्क अडकलेले. रानवाले भांडायला आले, त्यांचं काय चुकलं?

पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्याही लोक पिवळ्यातच कोंबतात. तो साधा कचरा, वेगळा काढला की ढीग बराच कमी होतो. तेवढं मी सांगतोय.

एक साहेब म्हणतात, मागं नेऊन पेटवून द्या. प्लास्टिकचा धूर खोल्यांत जाईल, दम लागलेले पेशंट आहेत आत! दुसरे खड्डा करा म्हणतात; पण खोल खड्ड्याला परवानगी लागते ना?

परभणी-हिंगोलीकडं कुणी हे निस्तरलंय का? लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं करायची की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं? अर्जाचा नमुना असला तर टाका. अन् तोवर पिशव्या ठेवायच्या कुठं?