पेसाखला अलिबागला जायचं तर सेदरची रात्र टाळा

घाटउतार
पुण्याहून पोराबाळांसह अलिबागला बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) मित्रांकडे पेसाखला, म्हणजे वल्हांडण सणाला, जाणाऱ्यांनी पहिल्या दोन रात्री टाळाव्यात. सेदर (त्या रात्रींचं विधीचं जेवण) चांदण्या दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे एप्रिलात साडेसातच्या सुमारास. हग्गादा (सेदरची पोथी) वाचून ताटं येईपर्यंत नऊ. खोपोली-पेणमार्गे तीन-चार तास गाडीत बसलेली पोरं तोवर पेंगतात. वडखळच्या कोंडीत अडकलात तर सण कडक पाळणारे यजमान सूर्यास्तानंतर फोनही उचलत नाहीत. मधल्या दिवसांत गाडी चालते, यजमानही मोकळे असतात.

तेलघाणा
सेदरच वगळला तर जायचं कशाला? ‘मा निश्तना’चे, म्हणजे ‘आजची रात्र वेगळी का’ हे, प्रश्न घरातलं धाकटं पोरच विचारतं. भुकेल्याने यावं, जेवावं, असं हग्गादाच सुरुवातीला सांगते. भाषेची सबब नको. मराठी हग्गादा मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली. वडखळची धास्ती असेल तर सकाळी सहाला निघा की!

उंबरठा
तेलघाणा, आमंत्रण इतकं सरळ नाही. सणाच्या दिवशी रांधता येतं, पण परधर्मी पाहुण्यासाठी जास्तीचं रांधलं जाईल म्हणून शुल्हान आरूख (ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ) त्याला बोलवायलाच हरकत घेतो. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) तो प्रश्न नाही, कारण तेव्हा चूलच बंद. बोलावणारे लोक सगळं दुपारीच रांधून ठेवतात. म्हणून माणसं किती ते आठवडाभर आधी कळवा, ऐनवेळी आतेभाऊ नको. वाइन ‘मेवुशाल’, म्हणजे तापवलेली, नसेल तर तुम्ही ओतू नका.

आणि खाऊ. पेसाखात गव्हा-जवाचं फुगलेलं-आंबलेलं चालत नाही, म्हणून बिस्किटं, पाव, बिअर नको हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोची होते ती हिंगाने. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. बेने इस्रायलींना पेसाखात तांदूळ चालतो म्हणून कुणी तांदळाचे पापड नेतं, आणि ते हिंगामुळे बाद! लोणच्याचंही तेच. अख्खी फळं न्या, कापलेली नको.

तेलघाणा
हिंगाचं मान्य. पण दुपारी रांधून अडचण सुटत असेल तर सेदर टाळायला कारण काय उरलं?

घाटउतार
पोरं. शिवाय पेसाख पौर्णिमेला लागतो, तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या आसपास. संध्याकाळची नेमकी दिवेलागणीला. ती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. चौथ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. त्यापुढे भांग (कमी चढउताराची भरती-ओहोटी) लागते, पाणी पुरेसं हटत नाही. वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघूनच ठरवा.

तेलघाणा
किल्ला दर पौर्णिमेला आणि अमावास्येला मिळतो. सेदर वर्षातून दोन रात्री.