ओल आलेल्या जुन्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा कसा काढावा?

आम्ही घरचेच मिळून जुनं घर दुरुस्त करतोय. भिंती विटांच्या, दीड फूट जाड, सांधे चुन्याचे. मधे कधीतरी आतून सिमेंटचा गिलावा झालाय. आता तळापासून तीनेक फूट ओल चढते, पोपडे निघतात, लोणा (पांढरा खार) फुटतो.

गळती नाही, सगळे नळ बंद ठेवून रात्रभर मीटर पाहिला. बाहेरची माती जोत्याच्या वर आली होती, ती दोन महिन्यांपूर्वी वीतभर उतरवली. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवला, तर दोन दिवसांनी पाणी त्याच्या मागे जमलं, म्हणजे ओल भिंतीतलीच. त्याआधी वॉटरप्रूफ रंग लावला होता, ती चूकच झाली. ओल आणखी वर सरकली.

सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचं जवळजवळ ठरलंय. पण विटा मऊ आहेत. एका कोपऱ्यात छिन्नी मारली तर सिमेंटबरोबर विटांची तोंडंही उडाली, फार वाईट वाटलं. राहतोही इथेच, त्यामुळे एका वेळी एकच खोली रिकामी करता येते.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा: विटा न फोडता सिमेंट कसं काढलंत? आणि चुना लावण्याआधी उघडी भिंत किती दिवस वाळू दिलीत?